भाजीला भाकरी लावून खा: साठीनंतरचं आमचं ताट

माझं वय ६८. माहेर औसा तालुक्यातल्या खेड्यातलं, आता राहते लातुरात. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं शिकवलं. सात वर्षांपूर्वी रक्तात साखर निघाली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "बाई, भाजी किती खाता?" मी म्हटलं, दोन्ही वेळा खाते की. त्या म्हणाल्या, "किती वेळा ते नको. किती वाट्या ते मोजा आणि आठ दिवसांनी सांगा."

आठ दिवस मोजलं. दिवसभराची भाजी आमटीच्या एका वाटीतसुद्धा भरेना. भाकऱ्या-पोळ्या मिळून मात्र पाच होत होत्या. आमच्याकडं भाजीला कोरड्यास म्हणतात. भाकरी घशाखाली उतरावी एवढंच तिचं काम, असं आम्ही पिढ्यान्‌पिढ्या धरून चाललो. मी घरात पहिली गोष्ट बदलली ती ही. भाकरीला भाजी लावून खायचं बंद केलं आणि भाजीला भाकरी लावून खायला लागलो. पुढं जे सांगणार आहे ते बहुतेक या एका बदलातूनच आलेलं आहे.

जे जेवण मी सांगते त्यात धान्य, डाळी, कडधान्यं, भाज्या, फळं आणि तेलबिया येतात, आणि तेही होईल तितकं शेतातून आलं तसं, सालीसकट, कोंड्यासकट. साखर, मैदा, रिफाइंड तेल, खारी-बिस्किटं हेही झाडापासूनच येतं, पण ते यात धरायचं नाही. दूध, अंडी, मटण नाही. माझी साखरेची गोळी सुटलेली नाही, डॉक्टरांनी ती अर्धी केली आहे. पोट रोज साफ होतं, वजन सहा किलोनं उतरलं, जिना चढताना गुडघ्याला हात लावावा लागत नाही. माझ्या बाबतीत झालं ते एवढं.

आधी हे वाचा

साखरेच्या किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील तर जेवण बदलायच्या आधी डॉक्टरांना सांगा. भाज्या-डाळी वाढल्या, साखर-मीठ कमी झालं की गोळीचा जुना डोस जास्त व्हायला लागतो. मला तिसऱ्या आठवड्यात दुपारी चारला दरदरून घाम आला होता, हात थरथरत होते. मोजलं तर साखर ६२. तेव्हापासून ज्यांना ज्यांना हे सांगते, त्यांना पहिलं वाक्य हेच सांगते.

मूत्रपिंडाचा आजार असेल तर डाळीचं प्रमाण आणि भाज्या-फळांतलं पोटॅशियम दोन्ही मोजावं लागतं, त्यामुळं माझं ताट जसंच्या तसं उचलू नका. रक्त पातळ करायची वॉर्फरिन नावाची गोळी असेल तर पालेभाजी एकदम वाढवू नका. पालेभाजीतलं के जीवनसत्त्व त्या गोळीच्या उलट काम करतं. रोज साधारण सारखीच खा आणि डॉक्टरांना कळवा. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी घ्या, सोयाबीन आणि कॅल्शियमची गोळी त्यानंतर तीन-चार तासांनी.

ताट कसं वाढायचं

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली आहाराच्या नव्या सूचना काढल्या. दिवसाला २,००० कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी त्यात भाज्या ४०० ग्रॅम, फळं १००, धान्य २५०, डाळी-कडधान्यं ८५ आणि दाणे-बिया ३५ ग्रॅम असं प्रमाण आहे. धान्यापेक्षा भाजी जास्त! मी हा आकडा वाचला त्या दिवशी स्वयंपाकघरातला तराजू काढून मेथीची जुडी निवडून तोलली. निवडलेला पाला दीडशे ग्रॅमसुद्धा भरला नाही, आणि ती एक जुडी आम्ही दोघं दोन वेळा पुरवत होतो.

आता मी ताटात आधी भाजी वाढते. अर्धं ताट भाजीचं: एक पालेभाजी, एक फळभाजी, शिवाय काकडी, मुळा, गाजर, जे असेल ते. मग वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ. भाकरी सगळ्यात शेवटी. भाकरीची टोपली हाताशी ठेवायची नाही, ओट्यावर ठेवायची. उठून आणावी लागली की तिसरी भाकरी आपोआप राहते. आमच्या ह्यांना सुरुवातीला हे पटेना. "शेतकऱ्याच्या घरात भाकरी मोजून देतेस का?" म्हणाले. मी मोजून देत नव्हते, भाजी आधी खायला सांगत होते. महिनाभरानं तेच म्हणाले की दुपारी जेवून डुलकी येत नाही.

ज्वारी सोडायची नाही. आमची रब्बीची मालदांडी, जालन्याची दगडी ज्वारी, सगळी चांगली. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेबरोबर काम करून २०१८ साली 'परभणी शक्ती' नावाचं वाण दिलं, त्यात लोह आणि जस्त जास्त आहे. ते बी मिळालं तर घरच्यापुरतं जरूर पेरा. पण ज्वारी खाल्ली म्हणजे साखर वाढत नाही हा आमच्याकडचा मोठा गैरसमज आहे. आमच्या हातच्या भाकरीत ८०-९० ग्रॅम पीठ असतं. ज्वारीतही पिष्टच जास्त. चार भाकऱ्या चटणीबरोबर खाल्ल्या तर साखर चढणारच. मी घरच्या यंत्रावर मोजून बघितलं: अडीच भाकरी आणि पळीभर आमटी खाल्ली की दोन तासांनी २१० च्या पुढं. दीड भाकरी, दोन वाट्या भाजी आणि वाटीभर घुटं, म्हणजे घोटलेली उडदाची डाळ, खाल्लं की १६० च्या आतबाहेर. तुमचा आकडा वेगळा येईल, पण मोजून बघाच.

दळण आठ-दहा दिवसांचंच करा. पीठ जुनं झालं की विरी जाते, भाकरी थापताना कडेला फाटते, मग आपण गव्हाकडं वळतो. चाळायचं तर मोठ्या चाळणीनं, काडी-कचरा काढण्यापुरतं. कोंडा टाकू नका. थंडीत बाजरी, अधूनमधून नाचणी. पोळी आमच्याकडं आता सणालाच होते.

डाळ पातळ करू नका

साठीनंतर माणूस वाळतो तो मांडीतून आणि दंडातून. अंगातलं मांस उतरतं, मग तोल जातो, मग पडणं, मग खुबा. म्हणून म्हातारपणी प्रथिनं कमी नाही, थोडी जास्त लागतात: वजनाच्या किलोमागं दिवसाला १ ते १.२ ग्रॅम. माझं वजन ५८ किलो, म्हणजे मला ६० ते ७० ग्रॅम हवीत. नुसत्या भाज्या-फळांवर राहणारी माझ्या ओळखीतली दोन माणसं वर्षात अशी सुकली की ओळखू येईनात. शाकाहार करायचा तर डाळीला कंजुषी चालत नाही.

माझा हिशेब असा: ज्वारीचं २०० ग्रॅम पीठ धरलं तर २० ग्रॅम प्रथिनं. डाळ-कडधान्य ८५ ग्रॅम, त्यातून १९. मूठभर शेंगदाणे ७. जवस-तीळ मिळून ४. सोयाबीन ३० ग्रॅम, त्यातून ११. भाज्यांतून सात-आठ. बेरीज ६८-६९ होते. हे सगळं कच्च्या मालाचं वजन आहे, शिजवलेल्याचं नाही. दोघांना मिळून दिवसाला १७० ग्रॅम डाळ-कडधान्य लागतं, म्हणजे महिन्याला पाच किलो. आमच्याकडं आधी दीड किलो तूरडाळ महिनाभर पुरायची. त्यावरून समजा आमची आमटी किती पातळ होती!

तूर तर आपल्या जिल्ह्याचीच. निलंगा तालुक्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. पण रोज तूरच नको. माझ्या आठवड्यात उडीद, हुलगा म्हणजे कुळीथ, मटकी, हरभरा, मूग फिरत असतात. हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं आजारातून उठलेल्या माणसाला द्यायची जुनी रीत आहे. थंडीत मी आठवड्यातून दोन संध्याकाळी तेच करते आणि शेंगोळ्यांनाही हुलग्याचंच पीठ.

घुटं मात्र रोज केलं तरी मी कंटाळणार नाही. साल असलेली उडदाची डाळ दोन तास भिजवायची, कुकरला मऊ शिजवायची, रवीनं घोटायची. हिरवी मिरची, लसूण, जिरं खलबत्त्यात ठेचून चमचाभर तेलात परतायचं, त्यात घोटलेली डाळ आणि गरम पाणी. पाणी बेतानं घाला, पळीवरून सावकाश उतरलं पाहिजे. वरून कोथिंबीर आणि लिंबू. लिंबाचं महत्त्व चवीपुरतं नाही. डाळी-पालेभाज्यांतलं लोह अंगी लागायला क जीवनसत्त्व मदत करतं, आणि चहा त्याला अडवतो. म्हणून जेवणावर लिंबू पिळा आणि जेवणानंतर तासभर चहा घेऊ नका. जेवल्याबरोबर चहा घेण्याची सवय आमच्या भागात घरोघरी आहे, आणि बायकांच्या अंगात रक्त कमी असतं तेही घरोघरी.

सोयाबीनबद्दल मला पोटतिडकीनं बोलायचं आहे. लातूर म्हणजे सोयाबीनची मोठी बाजारपेठ. खरिपात नजर जाईल तिथं सोयाबीन. आणि एवढं पिकवणाऱ्या घरात ते शिजत नाही, सगळं आडतीवर जातं. डाळींत २२-२४ टक्के प्रथिनं असतात, सोयाबीनमध्ये ३६ च्या वर. ते कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं खायचं नाही, पचनाला अडवणारे घटक त्यात असतात, ते पुरत्या उष्णतेनं निकामी होतात. मी रात्रभर भिजवते, सकाळी चोळून सालं काढते, ते पाणी टाकते, नव्या पाण्यात कुकरला सात-आठ शिट्ट्या देते. मग मटकीच्या उसळीत मूठभर मिसळते. उग्र वास येतो तो सालं काढल्यावर आणि आलं-लसूण घातल्यावर राहत नाही. बियाण्याचं सोयाबीन मात्र कधीही खायला आणू नका, त्याला औषध चोळलेलं असतं.

एक चूक मी केली ती तुम्ही करू नका. पहिल्याच आठवड्यात वाट्या भरभरून कच्ची मोड आलेली मटकी खाल्ली. पोट नगाऱ्यासारखं फुगलं, दोन रात्री झोप नाही. आतड्याला सवय व्हायला वेळ लागतो. आठवड्याला अर्धी वाटी वाढवा, भिजवलेलं पाणी टाका, दिवसभर पाणी नीट प्या. आणि या वयात मोड कच्चे खायचेच नाहीत, वाफवून घ्यायचे. मोड यायला जी ऊब-ओल लागते त्यातच जंतूही वाढतात.

दर आठवड्याची येळवस

वेळ अमावस्येला आम्ही येळवस म्हणतो. मार्गशीर्षातली अमावस्या, लातूर-धाराशिवकडं त्या दिवशी गावं ओस पडतात आणि शेतं भरतात. कडब्याची कोप म्हणजे खोपी करायची, आत पांडव मांडायचे, पूजा करायची, आणि मग भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. वर्षातून एकदा होणारी ती भज्जी म्हणजे मी ज्या जेवणाबद्दल सांगते आहे त्याचा उत्तम नमुना आहे. हे लक्षात आल्यावर मी ती दर रविवारी करायला लागले.

तुरीचे, वालाचे, पावट्याचे, मटारचे, हरभऱ्याचे ओले दाणे, असतील ते. ओल्या भुईमुगाचे दाणे. मेथी, पालक, चुका, चाकवत, कांद्याची पात, हरभऱ्याचा कोवळा पाला, यातले दोन-तीन तरी. गाजर, वांगं, घेवडा, बोरं. येळवशीला यादी लांब होते, रविवारी सात-आठ गोष्टी पुरतात. दाणे आधी शिजत घाला, ते अर्धे झाले की फळभाज्या, शेवटी चिरलेला पाला. चिंचेच्या कोळात हरभरा डाळीचं पीठ गुठळी न ठेवता कालवायचं आणि ते सोडून हलवत राहायचं. चिंच पानचिंचोलीची मिळाली तर रंगच वेगळा येतो. लसूण-हिरवी मिरचीचा ठेचा, हळद, मीठ. फोडणी एक चमचा तेलाची, तीही वरून. भाज्यांच्या मानानं पीठ कमीच ठेवा, नाहीतर पिठलं होतं. चार माणसांना तीन मुठी पीठ पुष्कळ.

उन्हाळ्या-पावसाळ्यात ओले दाणे नसतात. तेव्हा भिजवलेले वाल, हरभरे, मटकी, तूर घाला. सुक्या तुरीला रात्रभर भिजवावं लागतं. माझ्या थोरल्या जाऊबाई सत्त्याहत्तरच्या आहेत, त्यांना ही रविवारची भज्जी मी डब्यात देते. पहिल्यांदा डबा उघडून म्हणाल्या, "आज कुठली येळवस, माय?" आणि दोन वाट्या खाल्ल्या. त्यांच्या तोंडात सहा दात आहेत.

ज्यांचे दात गेले त्यांना चोथ्याचं जेवण जमत नाही म्हणून चहा-बिस्किटावर ठेवतात, हे मला बघवत नाही. भाकरी आमटीत चुरून काला करा. ज्वारीच्या कण्या मऊ शिजवा. भज्जी रवीनं अर्धी घोटा. शेवग्याचा पाला डाळीत शिजू द्या. पेरू किसून बिया गाळा, पपई चमच्यानं खरवडा. घोटल्यानं कोंडा-साल कुठं जात नाही, ती पोटात जातेच.

दूध आणि तेल

दूध सोडायचं म्हटल्यावर आमच्या घरात जेवढा वाद झाला तेवढा दुसऱ्या कशावर झाला नाही. हाडांचं काय, हा प्रश्न रास्त आहे. दिवसाला साधारण १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं आणि दूध काढलं की ते कुठून येणार हे आधी ठरवावं लागतं. बिनसोललेले तीळ यात सगळ्यांच्या पुढं. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये साडेतीनशेच्या आसपास. शेवग्याचा पाला तर दारातच असतो आणि कुणी हात लावत नाही. पालक, चुका, राजगिरा यांत कॅल्शियम असलं तरी त्यांच्यातला ऑक्झलेट नावाचा घटक त्याला धरून ठेवतो, त्यामुळं हाडांसाठी त्यांच्यावर भिस्त नको. मुतखडा होऊन गेलेल्यांनी या तीन भाज्या बेतानंच खाव्यात. मेथी, शेवगा चालतात. रक्ततपासणीत डी जीवनसत्त्व कमी निघालं तर गोळी घ्यावी. ऊन आपल्याकडं मुबलक आहे, पण पदर घेऊन सकाळी सातला फिरणाऱ्या बाईला ते फारसं लागत नाही.

चहाचं आधी सोडलं: गवती चहा, आलं, कोरा चहा, साखर हळूहळू चार महिन्यांत शून्यावर. दही सोडायला वर्ष गेलं. आता कढीला आणि आंबिलीला शेंगदाण्याचं दही करते. दाणे रात्रभर भिजवून बारीक वाटायचे, पाणी घालून गाळायचे, उकळायचे, कोमट झाल्यावर विरजण. विरजण आधीच्या घाण्यातलंच ठेवते. चोथा चटणीत जातो. जे दूध पूर्ण सोडू शकत नाहीत त्यांच्याशी मी भांडत नाही. वाटीभर ताक राहू द्या, पण ताट भाजीनं भरा.

तेलाचं काम सोपं आहे, पण बाईच्या हाताची सवय मोडावी लागते. आमच्याकडं तर्री दिसली नाही तर भाजी उणी वाटते. मी महिन्याचं तेल एका बाटलीत मोजून काढून ठेवते, दोघांना एक लिटर. संपलं की संपलं. घाण्याचं करडईचं किंवा शेंगदाण्याचं. चव आणि दाटपणा तेलाऐवजी कुटातून आणायचा: दाण्याचा, तिळाचा, कारळाचा, आणि आपला येसर, म्हणजे भाजलेली धान्यं-डाळी आणि मसाले दळून केलेलं पीठ. येसर आमटीला तेल कमी घातलं तरी कुणाच्या लक्षात येत नाही. पातेल्यावर ताटली ठेवून तीत पाणी घातलं की भाजी आपल्याच वाफेवर शिजते.

जवस रोज एक चमचा, पण कुटून. अख्खा दाणा जसा गिळला तसा बाहेर पडतो. मेंदू-हृदयाला लागणारं ओमेगा-३ आपल्याला शाकाहारात मुख्यतः यातूनच मिळतं. चटणी आठवड्यापुरतीच कुटा, जास्त दिवस ठेवली की खवट होते. शेंगदाणे निवडताना काळपट, सुरकुतलेले, बुरशी आलेले बिनदिक्कत फेका. कडू लागलेला दाणा थुंकून टाका. त्या बुरशीचं विष यकृतावर जातं आणि भाजूनही पुरतं जात नाही. चटणीत मीठही बघा. दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे एक लहान चमचा, आणि लोणचं-पापड-चटणी यांतलंच त्याहून जास्त होऊन बसतं.

एक गोळी घ्यावीच लागते

ब-१२. हे जीवनसत्त्व जिवाणू तयार करतात, ते प्राण्यांच्या अंगातून दूध-मांसात येतं. कुठल्याही भाजीत, डाळीत, शेवाळ्याच्या पावडरीत त्याचा भरवसा धरता येत नाही. गरज दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅमची, पण ती नाही भागली तर नसा खराब होतात. वयानं पोटातलं आम्ल कमी होतं, त्यामुळं साठीनंतर दूध पिणाऱ्यांनाही ते कमी पडू शकतं. साखरेची मेटफॉर्मिन आणि पित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांना तर आणखी.

मी दोन वर्षं ही गोळी घेतली नाही. नैसर्गिक जेवणाला गोळी कशाला, असं वाटायचं. मग तळपायाला झिणझिण्या, रात्री पाय जळजळणं, अंधारात चालताना भिंत धरावी लागे. मी ते साखरेवर ढकललं. तपासलं तर ब-१२ अगदी तळाला. इंजेक्शनं घ्यावी लागली, झिणझिण्या जायला आठ महिने लागले. पालेभाज्यांत फोलेट नावाचं जीवनसत्त्व भरपूर असतं, त्यामुळं रक्त चांगलं दिसत राहतं आणि नसा आतून बिघडत राहतात. म्हणून नुसतं हिमोग्लोबिन बघून समाधान मानू नका. पहिल्या दिवसापासून गोळी, वर्षातून एकदा तपासणी, आणि डोस डॉक्टर सांगतील तो.

आमच्या मायच्या काळात हे असंच खात होते आणि ठणठणीत होते, असं लोक म्हणतात. मी तसं म्हणणार नाही. १९७२ च्या दुष्काळात मी पंधरा वर्षांची होते. सुकडी आणि रेशनची तांबडी मिलो ज्वारी खाऊन दिवस काढलेत. माय पन्नाशीतच कमरेत वाकली होती. तिच्या ताटात ज्वारी, अंबाडी आणि मिरची होती, पण डाळ सणाला. तिची ज्वारी आणि अंबाडी मी ठेवली. डाळ वाढवली, फळं आणली, गोळी घेतली.

उन्हाळ्याची सोय दिवाळीनंतरच

मराठवाड्यात हे जेवण मोडतं ते मार्च ते जूनमध्ये. पाणी नाही, पालेभाजी महाग आणि सुकलेली. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, तेव्हा बाजारात मेथीची जुडी बघायला मिळेना. त्या वर्षी आमचं घर सासूबाईंच्या वाळवलेल्या पाल्याच्या जुन्या डब्यांनी तगवलं, हे मला पुढं फार उपयोगी पडलं.

डिसेंबर-जानेवारीत हरभऱ्याचा शेंडा खुडतात तेव्हा तो पाला स्वस्त मिळतो. तो धुवायचा नाही, त्याच्यावरची आंब, म्हणजे आंबटपणा, जाते. फवारणी कधी झाली ते शेतकऱ्याला विचारून घ्या, नुकती झाली असेल तर तो पाला वाळवायला घेऊच नका. सुती धोतरावर सावलीत पसरा, दिवसातून दोनदा खालीवर करा, चार-पाच दिवसांत चुरचुरीत होतो. मेथी, अंबाडी तशीच, पण त्या धुऊन, पाणी पूर्ण निथळून. गवार मोडून एक वाफ देऊन वाळवा. दोन माणसांना तीन महिन्यांसाठी वाळलेल्या हरभऱ्याच्या पाल्याचे पाव किलोचे चार डबे लागतात. वाळलेला पाला मूठभर घ्या, कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवा, ज्वारीच्या कण्या किंवा तूरडाळ घालून शिजवा, वर लसणाची फोडणी आणि लिंबू, कारण वाळवण्यात क जीवनसत्त्व उडून गेलेलं असतं.

ताज्याची कसर मोडांनी भरायची. मटकीला मोड यायला तांब्याभर पाणी पुरतं. शेवगा उन्हाळ्यातही हिरवा असतो. कलिंगड, खरबूज, कैरी, जूनला जांभळं. पावसाला सुरुवात झाली की बांधावर तरोटा, कुर्डू, घोळ, तांदुळजा उगवतात. ओळखणाऱ्या बाईबरोबर जाऊनच तोडा, फवारलेल्या शेताच्या कडेचं नको.

डबे भरताना पाला हातात चुरडून बघा, वाकला तर अजून एक दिवस ठेवा. तळाला आणि वर कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला, मध्ये कागद ठेवा म्हणजे कडूपणा लागत नाही. डब्यावर महिना लिहा. माझे या वर्षीचे सहा भरून झालेत, दोन जाऊबाईंचे आहेत.